टायर, टायर्ड आणि फांग मेस्त्री

इंग्रजी भाषा ज्याने कोणी घडवली, त्याला ती टायरच्या कारखान्यातल्या माणसांना शिकवावी लागली नसणार, एवढं मी खात्रीने सांगते. मला लागली. आमच्या मुख्याध्यापकांनी एका जेवणात, दोन पेले पोटात गेल्यावर, कारखान्याच्या साहेबांना शब्द देऊन टाकला की आमच्या लुआन बाई आठवड्यातून दोनदा संध्याकाळी येतील आणि तुमच्या लोकांना इंग्रजी शिकवतील. मला दुसऱ्या दिवशी विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलं.

आमचं गाव चीनच्या शांतुंग प्रांतातलं. समुद्र फार लांब नाही, पण त्याचा वास आमच्यापर्यंत पोचत नाही, मधे रबराचा वास आडवा येतो. घरटी एक माणूस टायरमध्ये. त्यामुळे वर्गाच्या पहिल्याच दिवशी लोक म्हणाले, "बाई, आधी आमच्या धंद्याचा शब्द शिकवा." मी फळ्यावर टायर लिहिला. सगळ्यांनी मोठ्याने म्हटला. खूश झाले. गाडी तिथेच थांबली असती तर माझ्या पोटातली जळजळ वाचली असती.

पण पुढच्याच धड्यात 'आय ॲम टायर्ड' आलं. मी दमलो आहे. पहिल्या बाकावरून हात वर झाला. हात फांग मेस्त्रींचा.

"बाई, हा टायरच ना?"

"नाही मेस्त्री. हा निराळा शब्द. याचा अर्थ दमणं."

"अक्षरं तीच आहेत."

"आमचं पुस्तक अमेरिकेचं आहे, त्यात दोन्ही सारखेच लिहितात. अर्थ निराळा."

"आणि शेवटी हे ड कशाला?"

"माणूस दमलाय हे दाखवायला."

मेस्त्रींनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे माणसाला टायर बसवलाय."

वर्ग हसला. ते हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. फांग मेस्त्री भट्टी खात्याचे प्रमुख, म्हणजे कच्चा टायर साच्यात घालून वाफेवर शिजवतात त्या खात्याचे. साठीला टेकलेले, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. त्यांच्या हाताखालचे लोक दुसऱ्या खात्यात बदली मागायचे, कारण मेस्त्रींना एखादी गोष्ट पटली नाही की ती पटेपर्यंत ते जागचे हलत नसत आणि दुसऱ्यालाही हलू देत नसत. आता ते माझ्या वर्गात होते.

खोट त्यांच्यात नव्हती, हे मलाही कळत होतं. आमच्या भाषेत शब्द दगडासारखा असतो. काल दमलो, आज दमतोय, दुसऱ्याला दमवतोय, दगड तोच. शेजारी एखादा बारका खडा ठेवला की काम झालं. आणि टायर, दमणं, निवृत्त होणं यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, ना उच्चारात ना लिहिण्यात. इंग्रजीत मात्र शब्दाला मागून शेपट्या फुटतात, पुढून शिंगं येतात, आणि प्रत्येक शेपटीला अर्थ वेगळा.

चार-सहा वर्ग या टायरने खाल्ले. "आय ॲम टायरिंग" असं कोणी म्हटलं की मी सांगायची, "अरे, टायर्ड म्हण. टायरिंग म्हणजे दुसऱ्याला दमवणारा." तो मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा टायरिंगच म्हणायचा. शेवटी एका संध्याकाळी माझा संयम सुटला. म्हटलं, एकदाच काय तो सगळा खानदानाचा पसारा मांडून टाकू. फळ्यावर ओळीने लिहिलं. टायर्ड, दमलेला. टायरिंग, दमवणारा. टायरलेस, कधीच न थकणारा. टायरसम, डोक्याला ताप, जीव नकोसा करणारा. आणि रिटायर, नोकरीतून निवृत्त होणं.

मेस्त्रींचा हात वर होताच.

"रि म्हणजे पुन्हा. मागच्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं होतं."

"मग रिटायर म्हणजे पुन्हा टायर. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं. रिमोल्ड."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी थर्मासमधलं गरम पाणी ओतून घेतलं आणि प्यायले.

मागच्या बाकावर उपव्यवस्थापक हाओ बसला होता. वर्ग नीट चाललाय का हे बघायला अधूनमधून यायचा. हा हाओ शाळेत माझ्याच हाताखालून गेलेला. तेव्हाही मागच्या बाकावरच असायचा. तो मोबाइलमध्ये डोकं घालून काहीतरी टिपत होता. मला वाटलं, चला, एक तरी माणूस लिहून घेतोय.

त्याच आठवड्यात फांग वहिनी माझ्या घरी आल्या. आमच्या इमारती शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे त्या मला बाई न म्हणता नावानेच हाक मारतात. हातात उकडलेल्या पावांची परडी, पावांवर लाल खजूर टोचलेले. काहीतरी मागायचं असलं की त्या खजूरवाले पाव आणतात.

"शूपिंग, तू त्याला नापास कर."

"वहिनी, परीक्षाच नाहीये."

"मग घे. घे आणि नापास कर. अगं, जेवताना पुटपुटतो. वाटीत बघून टायर्ड, टायरिंग, टायर्ड, टायरिंग. मला वाटलं, याच्या डोक्यात काही झालं. लेकीला फोन केला, ती म्हणे डॉक्टरला दाखव."

"शिकू दे की. काय बिघडतंय?"

"आता कशाला शिकायचं? दोन महिन्यांनी निवृत्त होतोय. आम्ही छिंगताओला जाणार, लेकीकडे. नातू शाळेत जायला लागेल, त्याला सोडायचं-आणायचं. तिथल्या शाळेच्या फाटकावर हा इंग्रजी कुणाशी बोलणार आहे?"

पुढच्या वर्गानंतर मी मेस्त्रींना थांबवलं आणि सरळ विचारलं, "मेस्त्री, तुम्हाला हे कशासाठी हवंय?"

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग सांगितलं. केन्यातली एक बाई येणार होती. टायर आयात करणारी, मोठी गिऱ्हाईक. तिला तिकडे रिमोल्डचा कारखाना टाकायचा होता. यंत्रं आमची. ती बसवायला आणि तिथली माणसं तयार करायला एक जाणता माणूस सहा महिन्यांसाठी हवा होता. निवृत्त झालेला असला तरी चालेल, पण इंग्रजी आलं पाहिजे, असं हाओने सांगितलं होतं.

"घरी माहीत आहे?"

"वेळ आली की सांगेन."

"वेळ कधी येणार?"

"विमान उडाल्यावर," मेस्त्री म्हणाले. चेहरा नेहमीसारखाच, भिंतीसारखा.

मी म्हटलं, वहिनींना तुम्ही सांगा, मी यात पडणार नाही. ते म्हणाले, तुम्ही कशाला पडाल, तुम्ही फक्त ते टायरिंगचं पुन्हा एकदा सांगा. मी पुन्हा एकदा सांगितलं.

मग हाओचा फोन आला. केन्याच्या बाई ज्या दिवशी येणार त्याच दिवशी मेस्त्रींचा निरोपसमारंभ ठेवायचा, म्हणजे कंपनी माणसांची किती कदर करते ते पाहुण्यांना दिसेल, असं त्याच्या डोक्यातून निघालं होतं. पितळेची पाटी करायची. वर आपली अक्षरं, 'कधीही न थकणाऱ्या आमच्या मेस्त्रींना'. खाली इंग्रजी.

"बाई, मोबाइलने टायरलेस असं सांगितलंय. बरोबर आहे?"

"अगदी बरोबर. तेच घाल."

"पण बाई, लेस म्हणजे नसलेला ना? म्हणजे टायर नसलेला. टायरच्या कारखान्यात पाटीवर लिहायचं की टायर नाही? गिऱ्हाइकासमोर? अपशकुन होईल."

"अरे हाओ, इथे टायर म्हणजे थकवा. थकवा नसलेला. त्या बाईंना इंग्रजी येतं, त्या बरोबर वाचतील. तू काही बदलू नकोस."

"नाही बाई. तुम्ही म्हणता तसंच."

'तुम्ही म्हणता तसंच' हे तो शाळेतही म्हणायचा, आणि मग उत्तरपत्रिकेत स्वतःला हवं तेच लिहायचा. हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. पण म्हटलं, आता मोठा झालाय.

पाहुण्यांच्या दिवशी मला शाळेतून सुट्टी काढायला लावली. दुभाषी शहरातून येणार होता, त्याचं पोट बिघडलं. कारखान्याच्या फाटकावर लाल कापड, फुलांच्या कुंड्या, आणि सगळ्यात पुढे फांग मेस्त्री, नव्या कोऱ्या जाकिटात, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. शेजारी वहिनी, केस कुरळे करून आलेल्या.

गाडीतून श्रीमती नेकेसा उतरल्या. उंच, पन्नाशीच्या, खांद्यावर भलीमोठी कातडी पिशवी, चालणं असं की आम्ही सगळे आपोआप बाजूला झालो. लांबून आलेल्या माणसाला आम्ही पहिलं काय म्हणतो? फार दमलात हो, फार कष्ट घेतलेत. मेस्त्रींनी ते मनात तयार करून ठेवलं होतं. ते एक पाऊल पुढे झाले, कमरेत वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"मॅडम, यू आर व्हेरी टायरिंग!"

नेकेसाबाई जागच्या जागी थांबल्या. "काय म्हणाले हे? मी माणसाला दमवते?"

मी घाईघाईने सांगितलं की यांना म्हणायचंय तुम्ही प्रवासाने दमला असाल, ही आमच्याकडची विचारपूस आहे. त्यांनी मेस्त्रींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसायला लागल्या. "राहू दे. माझी मुलं पण हेच म्हणतात."

"बरोबर म्हटलं ना मी?" मेस्त्रींनी मला हळूच विचारलं.

"उत्तम," मी म्हणाले. दात आवळून.

कारखाना दाखवून झाला. मग सभागृह. भाषणं झाली, साहेबांचं, संघटनेच्या पुढाऱ्याचं, हाओचं. मी प्रत्येकाचं इंग्रजी करत होते, घसा सुकला होता. मग हाओने मोठ्या ऐटीत पाटीवरचं लाल कापड ओढलं.

वरची अक्षरं सुंदर होती. खालची ओळ मी वाचली. टु अवर टायरसम मास्टर. आमच्या डोक्याला ताप मेस्त्रींना.

मी हाओकडे बघितलं. त्याने मला डोळ्यांनी खूण केली, कसं काय? नंतर कळलं की लेस म्हणजे नसणं म्हणून त्याने ते काढलं, आणि सम म्हणजे काही तरी, थोडंफार असणं, म्हणून ते घातलं. टायर थोडे तरी असू देत. तेवढंच त्याने त्या दिवशी मागच्या बाकावर टिपून घेतलं होतं.

गावातल्या कोणालाही ती ओळ वाचता येत नव्हती. दोनेक मिनिटांत फोटो काढून सगळे जेवायला गेले असते. पण नेकेसाबाई चष्मा लावून पाटीजवळ गेल्या. वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही थट्टा आहे का? तुमच्याकडे अशी पद्धत आहे?"

"काय म्हणतायत त्या?" मेस्त्रींनी विचारलं.

"पाटी आवडली म्हणतायत ना?" हाओ म्हणाला.

मी दिवसभर उभी होते. त्याच्याआधी सगळा हिवाळा त्या शब्दाच्या शेपट्या धरून उभी होते. आणि हा माझा विद्यार्थी मला डोळे मिचकावत होता.

"त्या विचारतायत की ही थट्टा आहे का," मी आमच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "कारण पाटीवर लिहिलंय, आमच्या डोक्याला ताप मेस्त्रींना. मी सांगितलं होतं ते बदलून हाओसाहेबांनी हे घातलंय."

भट्टी खात्याच्या रांगेतून एक जण फुसकन हसला. मग दुसरा. मग सगळं सभागृहच. आणि सगळ्यांच्या वर फांग वहिनींचा आवाज, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "कुणी लिहिलं हे? त्याला माझ्याकडे जेवायला पाठवा! एवढी वर्षं मी सांगतेय, कोणी ऐकत नव्हतं!"

हाओचे कान लाल झाले. मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी पाटीकडे बघितलं, हसणाऱ्या माणसांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी बघितला नव्हता, आणि मला तिथल्या तिथे वाटलं की मी जरा गप्प बसायला हवं होतं. ते नेकेसाबाईंसमोर जाऊन ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत बोलायला लागले. एकेक शब्द दगडासारखा खाली ठेवत.

"मॅडम. आय नो टायर्ड. आय नो वॉन्ट रिटायर. आय गो केन्या. सिक्स मंथ. यू टेक मी. आय वर्क गुड."

हसणं विरलं. इंग्रजी कोणाला कळलं नाही, पण केन्याला आमच्या भाषेतही जवळजवळ केन्याच म्हणतात.

"केन्या?" वहिनी म्हणाल्या. "केन्याचं काय?"

मेस्त्री पाटीकडे बघायला लागले.

"म्हाताऱ्या, मी तुला विचारतेय. केन्याचं काय?"

"घरी बोलू."

"घरी तू कधी बोललायस?"

"काय चाललंय?" नेकेसाबाईंनी माझी बाही ओढली. "मला सांगा ना."

"त्यांच्या पत्नी विचारतायत, केन्याचं काय."

"त्यांना माहीतच नाही?"

"नाही."

"अरे देवा," नेकेसाबाई म्हणाल्या.

"ती काय म्हणाली?" वहिनींनी विचारलं.

"अरे देवा म्हणाल्या."

"तिला म्हणावं, मी पण तेच म्हणतेय." आणि वहिनी उठून चालत्या झाल्या. पाटीवाला फोटो राहून गेला. जेवणाच्या टेबलाशी मेस्त्रींची आणि वहिनींची खुर्ची मोकळीच होती. हाओ माझ्याजवळ सरकून म्हणाला, "बाई, पाटी नव्याने करायला टाकतो. मग टायरलेस नक्की ना? म्हणजे एकदा विचार करा, टायर..." मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेकेसाबाई म्हणाल्या, मला त्या बाईंच्या घरी न्या. मी म्हटलं, आज नको, घरात भांडण असेल. त्या म्हणाल्या, "म्हणूनच. मी कोणाचा नवरा सहा महिने मागून नेणार, तर तिला विचारायला नको?"

वहिनींनी दार उघडलं. हात पिठाने भरलेले. पाहुणी दारात आली म्हणजे तिला परत पाठवता येत नाही, त्यामुळे त्या बाजूला झाल्या. टेबलावर पाण्यात उकडायच्या करंज्यांसाठी माशाचं सारण, आणि त्या लाट्या अशा आपटत होत्या की वाट्या थरथरत होत्या. मेस्त्री गॅलरीत, पाठ करून उभे. आम्ही बसलो. मग वहिनी बोलल्या, लाटणं न थांबवता, माझ्याकडेच बघून.

"शूपिंग, तुला एक सांगते. लग्न झाल्यापासून हा माणूस जेवताना बोलत नाही. कारखान्यात काय झालं विचारलं तर म्हणतो, काही नाही. बढती मिळाली, मला शेजारणीकडून कळलं. हात भाजला, दवाखान्यातून फोन आला तेव्हा कळलं. म्हटलं, याला बोलताच येत नाही, काय करणार. आता म्हातारपणी बोलायला शिकला. तर परक्या भाषेत. भर सभेत. परक्या बाईपुढे. आणि काय बोलला ते मला तुझ्याकडून कळणार."

"काय म्हणाल्या?" नेकेसाबाईंनी विचारलं.

सगळं इंग्रजीत सांगायला मला वेळ लागला. एकही अवघड शब्द नव्हता, तरी दोनदा अडखळले. नेकेसाबाईंनी सगळं ऐकलं. मग बाह्या वर केल्या, एक लाटलेली पारी उचलली, सारण भरलं आणि वेडीवाकडी मिटली. वहिनींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, उघडली, पुन्हा मिटून दाखवली.

"माझा नवरा पोस्टात होता," नेकेसाबाई करंज्या भरताभरता म्हणाल्या. "मागच्या वर्षी घरी बसला. आता तो व्हरांड्यात बसतो आणि फाटक कोणी उघडं टाकलं ते बघतो. मोलकरणीला कपडे वाळत घालायला शिकवतो. मला चहा ढवळायला शिकवतो. मी हा नवा कारखाना का टाकतेय असं यांना वाटतं? घराबाहेर पडायला."

मी हे सांगितल्यावर वहिनींच्या नाकातून एक आवाज आला. हसू नव्हतं, पण त्या बाजूचंच काहीतरी होतं.

"चहा ढवळायला?"

"चहा ढवळायला. उलटा ढवळू नको म्हणतो."

"हा मला भात धुवायला शिकवतो," वहिनी म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी. अजून निवृत्त व्हायचाय."

मग त्यांनी चौकशी सुरू केली आणि मला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. तिकडे स्वयंपाक कोण करतं? दवाखाना किती लांब? याला रक्तदाब आहे, गोळ्या मिळतात का? डास? राहायचं कुठे? गरम पाणी असतं का? नेकेसाबाई उत्तरं देत होत्या, मी दोन्हीकडे मान वळवत होते, आणि सारण संपत आलं होतं.

"म्हाताऱ्या, आत ये," वहिनी शेवटी म्हणाल्या.

मेस्त्री आत आले. उभेच राहिले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. मग तू भांडला असतास. मीही भांडले असते. निदान ते तरी झालं असतं."

मेस्त्री टेबलाजवळ आले. मग म्हणाले, "छिंगताओला मी फाटकावर उभा राहून काय करू? मला कोणी काही विचारणार नाही तिथे." त्यांच्या तोंडून इतकं लांब वाक्य आमच्या भाषेत मी पहिल्यांदाच ऐकलं. वहिनींनीही बहुधा.

"हेच मला आधी सांगितलं असतंस तर?" त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. पाणी उकळलं होतं, त्यांनी उठून त्यात करंज्या सोडल्या आणि पळी फिरवत, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सहा महिने. एक दिवस जास्त नाही. रोज फोन. आणि लेकीला तू सांगायचंस. आत्ता, माझ्यासमोर. मी सांगणार नाही."

केन्याला न घाबरणारे फांग मेस्त्री लेकीच्या नावाने घाबरलेले मला स्पष्ट दिसले. त्यांनी मोबाइल काढला. पलीकडून लेकीचा आवाज सगळ्या खोलीत घुमला, "बाबा, तुम्हाला वेड लागलंय का?" मी ते नेकेसाबाईंसाठी इंग्रजीत करणार, तर त्यांनी हात वर केला. कळलं म्हणाल्या.

मेस्त्री शरद ऋतूत गेले. तोवर मी त्यांना घरी बसवून रोज शिकवलं, कारण आता वहिनींनाच काळजी लागली होती की तिथे याला काही बोलता आलं नाही तर. उघडा, बंद करा, गरम आहे, हात काढा, थांबा. त्यांनी वाक्यन् वाक्य पाठ केलं आणि प्रत्येक वाक्यावर मला तीन तीन शंका विचारल्या. माझे केस त्या दोन महिन्यांत पिकले.

ते गेल्यावर महिनाभराने एका रविवारी मी वहिनींकडे कोबी द्यायला गेले होते. फोन लागलेलाच होता, टेबलावर बरणीला टेकवून ठेवलेला. पडद्यावर मोठी पत्र्याची शेड, आमच्याच कारखान्याची यंत्रं, आणि मधे फांग मेस्त्री. आजूबाजूला तिथली माणसं. मेस्त्री ओरडत होते. शुद्ध शांतुंगी, भट्टी खात्यातली, शिव्यांसकट. माणसं त्यांना त्यांच्या भाषेत ओरडून उत्तर देत होती. मेस्त्रींनी हाताने काहीतरी फिरवून दाखवलं, एकाने झडप फिरवली, वाफ निघाली, झाकण उघडलं, टायर बाहेर आला. सगळे हसले. मेस्त्रीसुद्धा हसत होते. मी तो चेहरा आधी ओळखलाच नाही.

"मेस्त्री!" मी फोनवर वाकून ओरडले. "इंग्रजी कुठे गेलं? मी शिकवलेलं सगळं?"

"वेळ कुठाय बाई," ते म्हणाले, "भट्टी थंड होते."

मी खाली बसले. सगळा हिवाळा, वसंत, सुट्ट्यांतले रविवार. वहिनींनी मला गरम पाणी दिलं आणि फोन स्वतःकडे ओढला. "म्हाताऱ्या, ती कुठाय? बोलाव तिला. तिचा म्हातारा काय म्हणतो विचारायचंय."

नेकेसाबाई पडद्यावर आल्या. वहिनींनी आपल्या भाषेत बोलायला सुरुवात केली, त्यांनी आपल्या. दोघी एकदमच. एकीने हवेत चमचा उलटा फिरवला, दुसरीने तांदूळ धुतल्यासारखे हात केले, आणि दोघी खिदळायला लागल्या. मी भाषांतर करायला पुढे सरकले, तर वहिनींनी फोनवरची नजर न काढता मला हातानेच गप्प बसवलं.